बातमीचा भाव कोण ठरवतो?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे विषय लिहिला आहे, 'टीव्हीच्या बातम्या आणि शेतकरी'. तो वाचून सकाळी दोघातिघांनी आम्हाला बाजूला घेतले आणि विचारले, "भाऊ, वेचणी तोंडावर आली. वेचायला मजूर मिळेना, सीसीआयचे केंद्र कधी उघडेल ते कळेना, आणि तुम्ही टीव्हीचे काय काढून बसले?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही एका बाईच्या प्रश्नाने देतो. मागे एका गावच्या बैठकीत चर्चा संपत आली होती. मागच्या रांगेतून एक मायबहीण उठली आणि म्हणाली, "टीव्हीवाले म्हणतात, कांदा रडवणार. तो कोणाला रडवणार ते सांगा. कारण आम्ही रडत होतो तेव्हा टीव्हीवर काहीच नव्हते."

आम्ही शेतीशास्त्राची पदवी घेतली, पण असा नेमका प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. आजचे सगळे भाषण म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

रडतो कोण?

भाव चढला की बातमी होते, पडला की होत नाही. टीव्हीच्या बातम्यांचा हा नियम आहे. तुम्ही आठवून पाहा. जुलै २०२३ मध्ये शहरात टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला. मग काय, सकाळपासून रात्रीपर्यंत टोमॅटोच! गृहिणींचे बजेट कोलमडले, हॉटेलवाल्यांनी टोमॅटो बंद केला, कोणी टोमॅटोला पहारेकरी ठेवला. सरकारने शहरांतून गाड्या लावून स्वस्त टोमॅटो विकला, त्याचेही चित्रण झाले. पुढे दोन महिन्यांत, सप्टेंबरात, तोच टोमॅटो कवडीमोल झाला. शेतकऱ्यांनी रस्त्याच्या कडेला क्रेट उलटे केले. त्या चित्राला पडद्यावर किती वेळ मिळाला? पंधरा-वीस सेकंद. आणि खाली पट्टी काय? 'रस्त्यावर लाल चिखल'. म्हणजे तिथेही वाहनचालकांचीच चिंता!

कांद्याचे तेच. १९ ऑगस्ट २०२३ ला सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि ८ डिसेंबरला निर्यात बंद केली. ती बंदी उठली मे २०२४ मध्ये. बंदी आली त्या दिवशी बहुतेक वाहिन्यांची बातमी होती, 'ग्राहकांना दिलासा'. दिलासा शब्द खोटा नव्हता. पण एकाच्या ताटातून काढून दुसऱ्याच्या ताटात घातले, तर बातमी दोन्ही ताटांची व्हायला पाहिजे. त्यांनी एकच ताट दाखवले.

आता आपल्या कापसाकडे या. आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ ला सरकारने ते माफ केले. आधी मुदत सांगितली ३० सप्टेंबरची, मग दहा दिवसांच्या आत ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आपला कापूस घरात यायचे दिवस. म्हणजे आपला माल बाजारात उतरतो नेमके तेव्हाच दार उघडे ठेवले. कापूस पिकवणाऱ्या लाखो घरांचा वर्षभराचा हिशोब बदलणारी ही गोष्ट. ती तुम्हाला कोणाकडून कळली? हात वर करा. टीव्हीवरून कळली असे म्हणणारे... चार हात. बाकीच्यांना जिनिंगवाल्याकडून किंवा फोनवरच्या निरोपातून कळली. आणि जिनिंगवाल्याने सांगितली ती भाव पाडून मागताना सांगितली. बातमी ज्याच्या हातात आधी पडते तो तिचा भाव करतो, आणि ज्याला उशिरा कळते तो तो भाव भरतो.

बत्तीस क्विंटलांची गोष्ट

तुम्ही म्हणाल, हे दुसऱ्यांचे दाखले झाले. म्हणून एक घरचा दाखला देतो. तो सांगताना आम्हाला आनंद होत नाही.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला, हे तुम्हाला सांगायला नको. काही ठिकाणी बारा हजारांच्याही वर गेला. पण तेव्हा बहुतेकांचा माल विकून झाला होता. पुढच्या हंगामात सगळ्यांनी मनाशी पक्के केले, यंदा घाई करायची नाही. आमच्या थोरल्या भावाने ३२ क्विंटल कापूस घरात ठेवला. डिसेंबरात खेडा खरेदीवाला दारात आला आणि ८ हजार ७०० रुपयांनी मागून गेला. दादाने आम्हाला विचारले, "तू शिकलेला आहेस. देऊ का ठेवू?" त्याच आठवड्यात एका वाहिनीवर एका तज्ज्ञाने छातीठोकपणे सांगितले होते की भाव पुन्हा पाच आकडी होणार. आम्ही दादाला सांगितले, थांब.

दादा थांबला. संक्रांत गेली, होळी गेली, पाडवा गेला. घरात कापूस, माणसे ओसरीवर. लेकरांच्या अंगाला खाज सुटली. वहिनी बोलली नाही, पण तिच्या हातावरचे चट्टे बोलत होते. जूनमध्ये बियाण्याला पैसे पाहिजेत म्हणून तो कापूस ६ हजार ९०० ने गेला. क्विंटलमागे १,८०० रुपये गेले. ३२ क्विंटलांचे झाले ५७ हजार ६००. वाळून वजनात आली ती घट वेगळीच.

आम्ही नंतर शोधत बसलो, चूक कुठे झाली. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात मे २०२२ मध्ये रुईचा भाव पौंडाला दीडशे सेंटच्या वर होता. वर्ष संपता संपता तो ऐंशी-पंच्याऐंशीवर येऊन बसला होता. जगात रुई निम्म्या भावाला आली असताना आपल्या पऱ्हाटीला पाच आकडी भाव कुठून मिळणार? ही माहिती गुप्त नव्हती, रोजच्या रोज छापली जात होती. स्टुडिओतल्या तज्ज्ञाने ती सांगितली नाही, आणि शिकलेल्या भावाने ती विचारली नाही. टीव्हीचा दोष निम्मा, आमचा निम्मा. पण ५७ हजार ६०० पूर्ण दादाचे गेले. त्या तज्ज्ञाचे काही गेले नाही आणि आमचेही काही गेले नाही.

म्हणून वेचणी तोंडावर असताना टीव्हीवर बोलायचे. कापूस कधी विकायचा हा निर्णय बातमीवर होतो. बी खोटे निघाले तर आपण दुकानदाराला धरतो. बातमी खोटी निघाली तर कोणाला धरायचे?

खोके गावात आले तेव्हा

ही गत पहिल्यापासून नव्हती. या देशात टीव्ही खेड्यात पहिल्यांदा आला तो शेतकऱ्याचे नाव घेऊनच आला. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीजवळच्या ८० गावांत 'कृषी दर्शन' सुरू झाले. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले. आपल्या शेजारचे गुलबर्गा, विजापूर, रायचूर, म्हणजे ज्वारीचाच मुलूख त्यात होता. सकाळी शाळेच्या पोरांसाठी दीड तास, संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास. सगळे गाव एका सेटसमोर.

गुजरातेत खेडा जिल्ह्यात तर याच्याही पुढचे झाले. पीज नावाच्या गावी लहानसे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. जिथे दूध सोसायट्या आहेत अशा गावांत सेट ठेवले. कार्यक्रम करणारे गावात जात, गावकऱ्यांनाच बोलते करीत. मजुरी, सावकारी, शिवाशिव हे विषय गावच्याच तोंडून पडद्यावर येत. १९८४ साली या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढे ते बंद पडले. पुरस्कार राहिला, केंद्र गेले. काप गेले आणि भोके राहिली.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, नेमके दुष्काळाच्या सालात. आमच्या लहानपणी ग्रामपंचायतीत एक सेट होता. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागायचे. ॲंटेना फिरवायला एक पोरगा पत्र्यावर, "दिसतं का?" म्हणून वरून ओरडणारा. कार्यक्रम कसा होता? खरे सांगायचे तर पुष्कळदा कंटाळवाणा. साहेब सांगणार, शेतकरी मान डोलावणार. युरिया किती टाका ते सांगत, पण पिकवलेले विकायचे कसे ते कधी सांगत नसत. तरी समोर बसणाऱ्याला एवढे वाटे की, हा कार्यक्रम आपल्यासाठी आहे.

त्या काळाचे गोडवे गाऊन मात्र चालणार नाही. दूरदर्शन सरकारच्या मुठीत होते. ६ फेब्रुवारी १९७७ ला दिल्लीत जयप्रकाश नारायण यांची सभा होती. लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी 'बॉबी' सिनेमा दाखवला, असे त्या वेळी सगळेच बोलत होते. लोक सिनेमा सोडून सभेला गेले ही गोष्ट वेगळी. तेव्हा, टीव्ही बिघडला, आता सरकारने दांडका घेऊन तो सरळ करावा असे कोणी म्हणत असेल, तर त्याला 'बॉबी'ची आठवण करून द्या.

मग खासगी वाहिन्या आल्या. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत केबलच्या तारा पसरल्या. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. खटला क्रिकेटच्या सामन्यांचा होता, पण निकाल सगळ्यांच्या उपयोगाचा लागला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिले की, ज्या लहरींवरून कार्यक्रम जातात त्या जनतेची मालमत्ता आहेत. सरकारची मक्तेदारी त्यावर असू नये आणि मूठभर धनवानांचीही असू नये. दूरदर्शन सरकारपासून वेगळे करण्याचा प्रसार भारती कायदा १९९० सालीच झाला होता. तो अमलात यायला १९९७ उजाडले, आणि मूठ अजूनही पुरती सुटलेली नाही.

आम्हाला त्या वेळी फार आशा वाटली. सरकारचे एक खोके जाऊन शंभर खोकी येतील, स्पर्धा होईल, कोणीतरी आपल्याकडे कॅमेरा वळवेल. काही झालेही. ई टीव्हीचा 'अन्नदाता' सकाळी लागायचा, तो शेतकऱ्यांनी मनापासून पाहिला. २००७-०८ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या. त्यांतल्या काही बातमीदारांनी गारपिटीत, दुष्काळात बांधावर उभे राहून चांगले काम केले आहे, त्यांना आपण नावे ठेवणार नाही. आज देशात तीनशेहून जास्त बातम्यांच्या वाहिन्या आहेत. तरी त्या मायबहिणीचा प्रश्न शिल्लकच राहिला. असे का?

खताच्या ढिगाजवळची माती

आम्ही मातीचे माणूस, म्हणून मातीचीच उपमा देतो. माती परीक्षणाला नमुना कसा घेता? शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घेता. बांधावरची घेत नाही, झाडाखालची घेत नाही, खताच्या ढिगाजवळची तर अजिबात नाही. का? कारण ढिगाजवळची माती घेतली तर अहवाल येईल की, सगळे रान कसदार आहे. मग तुम्ही खतच टाकणार नाही आणि पीक पिवळे पडेल.

वाहिन्यांची कमाई जाहिरातीवर. जाहिरातीचा दर ठरतो किती लोक पाहतात यावर. किती लोक पाहतात ते कसे कळते? काही घरांत मीटर बसवतात. त्यांच्या नोंदीवरून सगळ्या देशाचा अंदाज काढतात. त्यालाच टीआरपी म्हणतात. कितीतरी वर्षे हे मीटर फक्त शहरांत होते. बार्क नावाच्या संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिल्यांदा खेड्यातले आकडे धरले. म्हणजे त्याआधी तुम्ही रात्रभर टीव्ही पाहिला असता तरी हिशोबात तुम्ही शून्य होता. ढिगाजवळची माती घेऊन शिवाराचा अहवाल लिहीत होते. खेडे मोजल्याबरोबर काय झाले? गावात फुकट दिसणाऱ्या, जुन्या मालिका-सिनेमे दाखवणाऱ्या वाहिन्या एकदम वरच्या नंबरात आल्या. माणसे तिथे आधीही होती, त्यांना मोजत कोणी नव्हते.

आजही देशभर मीटर आहेत पंचावन्न हजारांच्या आसपास, आणि टीव्ही असलेली घरे वीस कोटींच्या वर. म्हणजे सुमारे चार हजार घरांमागे एक मीटर. एवढ्या थोड्या मीटरांवर एवढा पैसा फिरतो, तिथे गडबड व्हायला किती वेळ? ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीतल्या गैरप्रकारांच्या तक्रारी पोलिसांपर्यंत गेल्या, आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवले ते मार्च २०२२ पर्यंत. दीड वर्ष तराजूच बंद!

आता खेडे मोजले, तरी आपली बातमी का येत नाही? साधा हिशोब आहे. जाहिरात देणारा डोकी मोजून थांबत नाही, त्या डोक्यांच्या खिशात काय आहे तेही पाहतो. गाडी, सदनिका, विमा घेणारा माणूस त्याला पाहिजे. आम्ही कोरडवाहूवाले बी-बियाणे, औषध आणि साबण एवढेच घेतो. तेव्हा बाजारात विकला जाणारा माल कोणता, हे नीट समजून घ्या. आपल्याला वाटते वाहिनी बातम्या विकते आणि आपण गिऱ्हाईक. खरे म्हणजे वाहिनी आपले डोळे जाहिरातदाराला विकते. तिथेही आपण मालच आहोत, आणि तिथेही आपल्याला भाव कमीच आहे.

दुसरा हिशोब खर्चाचा. तालुक्याला बातमीदार ठेवणे, गाडी पाठवणे, दोन दिवस राहून माहिती काढणे याला पैसा लागतो. स्टुडिओत सहा माणसे बोलावून भांडण लावायला फारसा लागत नाही. म्हणून बातमी कमी आणि भांडण जास्त. उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि उंटही भाड्याचा!

पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते की, २००६ साली मुंबईच्या फॅशन सप्ताहाला ५१२ पत्रकार हजर होते. तिथे कपडे मिरवत होते सुती. तो कापूस पिकवणारे विदर्भात त्याच दिवसांत जीव देत होते, आणि त्यांची बातमी काढायला बाहेरून आलेले पत्रकार जेमतेम पाच-सहा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी आणि आदिवासी पायी निघाले. ६ तारखेला निघाले, १२ ला मुंबईत पोचले. १८० किलोमीटर चालले. कॅमेऱ्यांची खरी गर्दी झाली ती मोर्चा मुंबईच्या वेशीला टेकल्यावर, रक्ताळलेले तळपाय दाखवायला. पाय दिसले. पाय का चालले ते किती दिसले?

ज्वारीचेही पाहा. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. टीव्हीवर ज्वारीचा पिझ्झा, ज्वारीचा उपमा, डॉक्टरांचे सल्ले! त्याच साली ज्वारीचा हमीभाव होता ३ हजार १८० रुपये. तो गावच्या बाजारात मिळतो का, हे विचारायला आमच्या पाहण्यात तरी एकही कॅमेरा आला नाही.

उद्याचे काय?

आता काही मंडळी म्हणतात, टीव्हीचे दिवस भरले, तुम्ही मेलेला साप काय धोपटता? त्यात थोडे तथ्य आहे. २०१६ नंतर फोनवरचे इंटरनेट स्वस्त झाले. २०२४ साली करमणूक आणि प्रसारमाध्यमांच्या धंद्यात फोन-इंटरनेटची कमाई पहिल्यांदा टीव्हीच्या पुढे गेली. जाहिरातीचा पैसा तिकडे निघाला. पण टीव्ही मेलेला नाही. दूरदर्शनची फुकट छत्री, डीडी फ्री डिश, चार कोटींहून जास्त घरांवर आहे असा अंदाज आहे. त्यातली बरीच घरे आपल्यासारखीच.

पैसा आटला की वाहिनी काय करील? आपण तोट्यात गेलो की काय करतो? आधी मजूर कमी करतो. वाहिनीही आधी तालुक्याचा बातमीदार काढील. म्हणजे उरलेसुरले डोळेही जातील आणि आरडाओरडा वाढेल.

आणि फोनवर तरी काय आहे? उघडा आणि पाहा. 'कापूस १५ हजार होणार', 'सोयाबीनमध्ये मोठी तेजी', तोंड वासलेले चित्र आणि लाल बाण. टीव्हीच्या तज्ज्ञाला निदान नाव असते, फोनवरच्याला गाव नाही की नाव नाही. तुम्ही जितके जास्त पाहाल तितके त्याला पैसे मिळतात. 'भाव स्थिर राहील' असे सांगणाऱ्याला कोण पाहणार? म्हणून रोज तेजी. रोग तोच आहे, शेत बदलले आहे.

सरकारने २६ मे २०१५ ला शेतकऱ्यांसाठी डीडी किसान ही वेगळी वाहिनी काढली, ते चांगले केले. मे २०२४ मध्ये त्या वाहिनीवर यंत्राने घडवलेले दोन निवेदक आणले, क्रिश आणि भूमी. ते न थकता चोवीस तास बोलतात, पन्नास भाषा बोलतात म्हणे. आमचे यंत्राशी वैर नाही. पण क्रिशला बाजार समितीच्या काट्यावर उभे राहता येत नाही, आणि भूमीला ओला कापूस हातात घेऊन दाबता येत नाही. वाचणारा यंत्राचा चालेल, पाहणारा माणूसच पाहिजे.

आपण काय करायचे?

भावांनो, रडगाणे गाऊन उठायला आपण जमलो नाही. चार गोष्टी ठरवून जाऊ.

पहिली गोष्ट. भावाची बातमी ऐकली की तीन प्रश्न विचारायचे. भाव कोणत्या दिवशीचा? कोणत्या मालाचा? सगळ्यात जास्त भाव सांगताहेत की बहुतेक माल ज्या भावाने गेला तो? बाजार समितीत एका गाडीला ८ हजार मिळतात आणि दोनशे गाड्या ७ हजारांनी जातात, पट्टीवर ८ हजार येतात. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावर कपात करते आणि १२ च्या वर माल घेत नाही. ओलावा न सांगता सांगितलेला कापसाचा भाव म्हणजे वजन न सांगता विकलेला बैल. आणि भविष्य सांगणारा असेल तर चौथा प्रश्न, याचा स्वतःचा माल कुठे पडून आहे? हे प्रश्न आम्ही त्या डिसेंबरात विचारायला पाहिजे होते.

दुसरी गोष्ट. आपली बातमी आपण गोळा करायची. वेचणी सुरू झाली की प्रत्येक बाजार समितीला आपला एक माणूस. आठवड्यातून दोन दिवस त्याने पाच आकडे लिहायचे. आवक किती, जास्तीत जास्त भाव, कमीत कमी भाव, बहुतेक माल कोणत्या भावाने गेला, आणि पैसे रोख की उधार. ते गावच्या चावडीवरच्या फळ्यावर खडूने लिहायचे, खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव. चुकले तर दुसऱ्या दिवशी 'काल चुकले' असेही लिहायचे. हे टीव्हीवाले कधी लिहीत नाहीत, आपण लिहू. आपल्या मायबहिणी बचतगटाची वही पैशा-पैशाने जुळवतात, त्यांच्या हाती हा फळा दिला तर तो खोटे बोलणार नाही.

हे स्वप्न नाही. २०२०-२१ ला दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते. काही वाहिन्या त्यांना काय काय म्हणाल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी दगड मारले नाहीत. १८ डिसेंबर २०२० ला पंजाबी आणि हिंदीत स्वतःचे छोटे वर्तमानपत्र काढले, 'ट्रॉली टाइम्स'. ट्रॉलीत बसून लिहिले आणि तंबूतंबूत वाटले. कायदे मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ ला झाली. ती एका वर्तमानपत्रामुळे झाली असे आम्ही म्हणत नाही. पण एवढा काळ माणसे टिकली त्याला एक कारण हेही की, आपल्याबद्दलचे खरे त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागत नव्हते.

तिसरी गोष्ट. चुकीची बातमी दिसली तर चावडीवर शिव्या देऊन सोडू नका. तारीख, वेळ, वाहिनीचे नाव लिहा आणि वाहिनीला लेखी तक्रार पाठवा. तिथे दाद मिळाली नाही तर वृत्तवाहिन्यांच्या संघटनेचे तक्रार प्राधिकरण आहे. सगळ्या वाहिन्या त्याच्या कक्षेत नाहीत आणि त्याचा दात काही फार बळकट नाही, हे कबूल. पण एका गावचे पत्र टोपलीत जाते, दोनशे गावांची पत्रे टोपलीत मावत नाहीत.

चौथी गोष्ट मागणीची. लहरी जनतेच्या आहेत असे न्यायालयाने म्हटले आहे. जमीन आपली असेल तर तिचा खंड मागायला लाज कसली? फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव करून प्रसार भारती वर्षाला शेकडो कोटी रुपये मिळवते, आणि ती छत्री आपल्या छपरांवर आहे. खंड म्हणून आपण अर्धा तास मागू. रोज संध्याकाळी, माणसे घरी असतात त्या वेळी, मराठीत अर्धा तास. त्यात जिल्ह्याजिल्ह्याचे बाजारभाव तारखेसह, आयात-निर्यातीचे निर्णय त्याच दिवशी, आणि परदेशातल्या बाजाराचे आकडे. सल्ला नको, भविष्य नको, फक्त खरी माहिती. निर्णय आमचा आम्ही घेऊ. खासगी वाहिन्यांच्या गळ्यात सरकारने दोरी बांधावी असे मात्र आपण मागणार नाही. ती दोरी उद्या आपल्याच आंदोलनाच्या बातमीभोवती आवळली जाईल.

शेवटी त्या मायबहिणीच्या प्रश्नाकडे येतो. कांदा कोणाला रडवतो? ज्याचे रडणे कॅमेऱ्याला परवडते त्याला. आपले रडणे परवडत नाही, म्हणून दिसत नाही. ते दिसावे म्हणून अजून मोठ्याने रडण्यात अर्थ नाही. आपला हिशोब मोठ्याने वाचू या.

दादाने या वर्षी आम्हाला पुन्हा विचारले, "देऊ का ठेवू?" आम्ही म्हणालो, "दादा, आम्ही सांगणार नाही. पाच आकडे आणून देतो, तू ठरव." दादा हसला आणि म्हणाला, "हे मागेच केले असते, तर वहिनीच्या हातावर चट्टे उठले नसते."

उठण्याआधी प्रत्येक तालुक्याने आपल्या बाजार समितीसाठी एक नाव लिहून द्यावे. पहिला फळा येत्या बाजाराच्या दिवशी लागला पाहिजे.